ज्या जंगलात नाईल कोसळते, तिथंच तेलाच्या विहिरी! युगांडाचं मर्चिसन फॉल्स बघायला जाण्याआधी हा वाद समजून घ्या

नाईल म्हटलं की डोळ्यांसमोर इजिप्त येतं. पिरॅमिड, वाळवंट आणि त्यातून संथ वाहणारी नदी. पण इजिप्तला पोहोचण्याच्या कितीतरी आधी, युगांडामध्ये, हीच नाईल एका खडकाच्या फटीत शिरते. फट जेमतेम सात-आठ मीटरची. रुंद पात्रातून आलेलं सगळं पाणी त्या फटीतून घुसतं आणि ४३ मीटर खाली कोसळतं. उंची फार नाही, पण पाण्याला जागाच इतकी कमी मिळते की जवळ उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

हा मर्चिसन फॉल्स. त्याच्याभोवती पसरलेलं जंगल म्हणजे मर्चिसन फॉल्स नॅशनल पार्क.

केनियातल्या मसाई मारानंतर 'आता पुढची सफारी कुठे?' असं शोधणाऱ्यांच्या यादीत हे नाव हळूहळू वर येतंय. त्यामागे एक साधं कारणही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युगांडा एअरलाइन्सनं मुंबई ते एंटेबे थेट विमानसेवा सुरू केली. त्यामुळे नाईलचं हे टोक मुंबईपासून साधारण सहा तासांच्या विमानप्रवासावर आलं.

पण या पार्कचे जे रील्स व्हायरल होतात, त्यात धबधबा असतो, जिराफ असतात, पाण्यात डुंबणारे पाणघोडे असतात. त्याच पार्कच्या हद्दीत २०२३ पासून तेलाच्या विहिरी खोदल्या जातायत, हे त्यात नसतं. आणि पर्यटक ज्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावरून जंगलात शिरतात, तो रस्ता मुळात त्यांच्यासाठी बांधलेलाच नाही, हेही नसतं.

तर हे प्रकरण नेमकं काय आहे, ते सुरुवातीपासून बघूया.

मर्चिसन फॉल्स नेमकं आहे काय?

युगांडातलं हे सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ३,८०० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर आपल्या ताडोबाचं कोअर आणि बफर एकत्र केलं, तरी त्याच्या दुपटीहून मोठं.

नाईल लेक व्हिक्टोरियातून जिंजा या शहराजवळ बाहेर पडते. हे तेच जिंजा, जिथं १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित केला होता. तिथून निघालेली नदी क्योगा तलाव ओलांडते, करुमाच्या खडकाळ पट्ट्यातून खाली उतरते आणि या पार्कमध्ये शिरते. पार्कला मधोमध कापत, धबधब्यावरून उडी मारत ती शेवटी लेक अल्बर्टला मिळते.

नदीमुळे पार्कचे दोन भाग झालेत. उत्तरेला मोकळं गवताळ माळरान, अधूनमधून ताडासारखी उंच झाडं. जिराफ, हत्ती, रानम्हशी, सिंह आणि युगांडा कॉब नावाची हरणं बघायची असतील तर हाच किनारा. दक्षिणेला झाडी दाट होत जाते आणि बुडोंगोच्या जंगलाला भिडते. तिथं चिंपांझी आहेत.

दोन्हींच्या मध्ये नदी. पारा नावाच्या ठिकाणाहून बोट निघते आणि प्रवाहाच्या उलट दिशेनं धबधब्याच्या पायथ्याकडे जाते. काठावर मगरी ऊन खात पडलेल्या, पाण्यात पाणघोड्यांचे कळप. उलट दिशेला, लेक अल्बर्टच्या तोंडाशी नदीचा त्रिभुज प्रदेश आहे. बुटासारख्या जाडजूड चोचीचा शूबिल हा पक्षी बघायला जगभरातले पक्षीवेडे तिथं येतात. २००६ मध्ये या त्रिभुज प्रदेशाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

२००६ हे साल लक्षात ठेवा. ते पुढं पुन्हा येणार आहे.

हे जंगल 'मोकळं' कसं झालं?

धबधब्याला मर्चिसन हे नाव दिलं इंग्रज प्रवासी सॅम्युअल बेकरनं, १८६४ मध्ये. रॉडरिक मर्चिसन हे तेव्हा लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी हा धबधबा कधी बघितला नव्हता.

हा प्रदेश बुन्योरो राज्याचा. तिथला राजा कबालेगा इंग्रजांशी अनेक वर्षं लढला. १८९९ मध्ये तो पकडला गेला आणि त्याला सेशेल्स बेटांवर हद्दपार केलं गेलं. पुढं १९७० च्या दशकात, भारतीय वंशाच्या हजारो लोकांना ९० दिवसांत देशाबाहेर काढणाऱ्या इदी अमीनच्या राजवटीत धबधब्याचं नाव बदलून 'कबालेगा फॉल्स' ठेवलं गेलं. अमीनची सत्ता गेली आणि जुनं नाव परत आलं.

पण नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडात निद्रारोगाची भयंकर साथ आली. त्से-त्से माशीमुळे पसरणाऱ्या या रोगानं दोन लाखांहून जास्त माणसं गेली. इंग्रज सरकारनं रोगाच्या पट्ट्यातली गावंच्या गावं उठवली. माणसं गेली, शेतं गेली, प्राणी वाढले. मग त्या जमिनीवर शिकारबंदीचं राखीव क्षेत्र आलं आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यान.

म्हणजे पर्यटकाला जे 'अस्पर्शित' जंगल दिसतं, ते मुळात माणसं हलवून मोकळं झालेलं आहे. आज आजूबाजूच्या गावांना पुन्हा जमीन सोडावी लागते, तेव्हा तिथल्या लोकांसाठी ही गोष्ट नवी नसते.

आधी हत्ती जास्त झाले, मग संपत आले

१९६० च्या दशकात हे आफ्रिकेतल्या गाजलेल्या पार्कांपैकी एक होतं. हत्ती इतके वाढले होते की झाडं उरेनात, म्हणून सरकारनंच ठरवून हत्ती आणि पाणघोडे मारले.

मग काळ उलटला. अमीनची राजवट, त्यानंतरची युद्धं, हस्तिदंताची तस्करी आणि सैनिकांच्या हातातल्या बंदुका. हजारोंनी हत्ती असलेल्या युगांडात १९८० च्या दशकात सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास हत्ती उरले. गेंडे तर १९८३ पर्यंत जंगलातून पूर्ण संपले. पुढं उत्तर युगांडात बंडखोरांचं युद्ध पेटलं आणि पर्यटक या बाजूला फिरकेनासे झाले.

२००६ च्या आसपास ते युद्ध युगांडापुरतं थांबलं. लॉज पुन्हा उघडले, रेंजर पुन्हा गस्तीला लागले, हत्ती-जिराफांची संख्या वाढू लागली. हे जंगल एकदा जवळजवळ हातातून गेलं होतं आणि मोठ्या कष्टानं परत आलंय. म्हणूनच आता तिथं जे चाललंय, त्यावर इतकी चर्चा होते.

तेल कधी सापडलं? किती आहे?

पुन्हा तेच साल, २००६. ज्या वर्षी नदीच्या मुखाला रामसर दर्जा मिळाला, त्याच वर्षी लेक अल्बर्टच्या परिसरात व्यापारी प्रमाणात काढता येईल इतकं तेल सापडल्याचं स्पष्ट झालं.

युगांडाच्या सरकारी अंदाजानुसार जमिनीखाली सुमारे ६.५ अब्ज बॅरल तेल आहे. त्यातलं साधारण १.४ अब्ज बॅरल प्रत्यक्षात बाहेर काढता येईल. त्यासाठी दोन प्रकल्प ठरले. लेक अल्बर्टच्या काठावरचा किंगफिशर आणि त्याच्या उत्तरेला टिलेंगा. मर्चिसन पार्कचा संबंध येतो तो टिलेंगाशी.

टिलेंगामध्ये फ्रान्सच्या टोटलएनर्जीज कंपनीचा वाटा सगळ्यात मोठा, ५६.६७ टक्के. चीनच्या सीएनओओसीचा २८.३३ टक्के आणि युगांडाच्या राष्ट्रीय तेल कंपनीचा १५ टक्के. दिवसाला १ लाख ९० हजार बॅरल तेल काढायचं लक्ष्य आहे. त्यासाठी ४०० हून जास्त विहिरी आणि त्या खोदण्यासाठी ३१ जागा. या ३१ पैकी १० जागा पार्कच्या हद्दीत आहेत.

युगांडाला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे हे तेल टांझानियातल्या टांगा बंदराजवळ नेण्यासाठी १,४४३ किलोमीटरची पाइपलाइन आखली गेली. या तेलात मेण जास्त असल्यानं ते थंड झालं की घट्ट होतं. म्हणून पूर्ण पाइपलाइन साधारण ५० अंश सेल्सिअसला गरम ठेवावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुंतवणुकीचा अंतिम निर्णय झाला आणि २०२३ च्या मध्याला पार्कमध्ये खोदकाम सुरू झालं. पहिलं तेल २०२५ मध्ये निघेल, असं सांगितलं जात होतं. ती तारीख हुकली आणि २०२६ वर गेली.

जिराफांना फेरीबोटीत बसवून नदीपार का नेलं?

या गोष्टीतली एक घटना सगळं चित्र स्पष्ट करते.

मर्चिसनमधले जिराफ फक्त नदीच्या उत्तरेला होते. एवढी मोठी नदी त्यांना ओलांडता येत नाही. तेलाच्या जागा ठरल्या त्याही याच उत्तरेकडच्या भागात, जिथं जिराफांचा वावर जास्त. जिराफांचा हा प्रकार मुळातच दुर्मीळ आणि त्यातले सर्वात जास्त याच पार्कमध्ये.

मग जानेवारी २०१६ मध्ये युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीनं 'ऑपरेशन ट्विगा' हाती घेतलं. ट्विगा म्हणजे स्वाहिलीत जिराफ. पहिल्या टप्प्यात १८ जिराफांना बेशुद्धीचं औषध देऊन पकडलं, डोळ्यांवर पट्टी बांधली, ट्रकमध्ये चढवलं आणि तो ट्रक फेरीबोटीवर घालून नाईलच्या पलीकडे नेला. उद्देश असा की उत्तरेला काही झालंच, तर दक्षिणेला तरी एक कळप शिल्लक राहावा. तिथं त्यांना पिल्लंही झाली.

मोहीम यशस्वी ठरली. पण तिचा दुसरा अर्थही निघतो. विहिरी खोदायच्या कितीतरी आधी, पार्क सांभाळणाऱ्यांनाच एका कळपाची दुसरीकडे सोय करून ठेवावीशी वाटली होती.

कंपनी काय म्हणते?

टोटलएनर्जीजचं म्हणणं असं की परवान्याचा भाग पार्कच्या सुमारे १० टक्के क्षेत्रावर येतो, पण कंपनीनं स्वतःहून काम एक टक्क्याहून कमी भागापुरतं मर्यादित ठेवलंय. तेलावर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना पार्कच्या बाहेर, बुलिसा जिल्ह्यात आहे. पाइप जमिनीखालून जातील आणि नाईल ओलांडतानाही त्या नदीच्या तळाखालून जातील. शिवाय रेंजरची संख्या वाढवायला मदत करू आणि प्रकल्प संपेपर्यंत जैवविविधतेत उलट भरच पडेल, असंही कंपनी सांगते.

२०१९ मध्ये युगांडाच्या पर्यावरण प्राधिकरणानं टिलेंगाला मंजुरी दिली. म्हणजे कागदोपत्री सगळं रीतसर आहे.

मग विरोध कशाला?

पहिला आक्षेप आकड्यांवरच आहे. विहिरीची जागा छोटी असते, पण तिचा प्रकाश, आवाज, धूळ आणि ये-जा करणारे ट्रक त्या जागेपुरते थांबत नाहीत. हत्ती जमिनीतली कंपनं पायांतून ओळखतो. आफिएगोसारख्या युगांडातल्या संस्थांचं म्हणणं आहे की खोदकाम सुरू झाल्यापासून हत्ती पार्कबाहेर जास्त येऊ लागलेत, त्यांच्यामुळे शेतांची नासधूस होतेय आणि माणसांचे जीवही गेलेत. हत्ती बाहेर येण्याची कारणं दुसरीही असू शकतात. पण ज्याच्या मक्याच्या शेतात हत्ती शिरतो, त्याला कारणांच्या चर्चेचा उपयोग नसतो.

दुसरा आक्षेप नदीचा. विहिरी, पाइप आणि रामसर पाणथळ जागा एकमेकांच्या इतक्या जवळ असताना एखादी गळती झाली, तर ती युगांडापुरती राहणार नाही. लेक अल्बर्टच्या दुसऱ्या काठावर काँगो आहे. तलावातून निघालेली नाईल पुढं दक्षिण सुदानमध्ये जाते.

तिसरा आक्षेप जमिनीचा. कंपनीच्याच आकडेवारीनुसार टिलेंगा आणि पाइपलाइनमुळे १९ हजारांहून जास्त कुटुंबांच्या जमिनीवर परिणाम झालाय आणि त्यातल्या ७७५ कुटुंबांना राहतं घर सोडावं लागलंय. मोबदला उशिरा मिळाला, तो मिळेपर्यंत जमीन वापरण्यावर बंधनं होती, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या.

हे प्रकरण फ्रान्सच्या न्यायालयातही गेलं. मोठ्या कंपन्यांना परदेशातल्या कामांबद्दलही जबाबदार धरणारा कायदा तिथं २०१७ मध्ये झाला. त्याच्या आधारे २०१९ मध्ये संघटनांनी खटला भरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. जून २०२३ मध्ये २६ युगांडन नागरिकांनी संघटनांसोबत भरपाईसाठी नवा खटला दाखल केला. दरम्यान सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपियन संसदेनंही या प्रकल्पांविरोधात ठराव केला.

युगांडाची बाजूही ऐकायला हवी

युरोपियन संसदेचा ठराव आला तेव्हा युगांडात संताप उसळला. त्यांचा प्रश्न सरळ होता. ज्या देशांनी शंभर वर्षं कोळसा आणि तेल जाळून श्रीमंती मिळवली, ते आम्हाला कोणत्या तोंडानं थांबवतायत?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. युगांडात एका माणसामागे वर्षाला ०.२ टनांहूनही कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भारतात हे प्रमाण साधारण २ टन आहे, श्रीमंत देशांत त्याहून कितीतरी जास्त. देशातल्या बहुसंख्य घरांत स्वयंपाक अजूनही लाकूड आणि कोळशावर होतो आणि त्यासाठीही जंगलच तुटतं. तेलाच्या पैशातून रस्ते, वीज, दवाखाने होतील, असं सरकार सांगतं.

अडचण आहे ती पैसा नेमका कुणापर्यंत पोहोचतो यात. नायजेरियाच्या नायजर नदीच्या मुखाशी गेली अनेक दशकं तेल निघतंय. तिथल्या मासेमारी करणाऱ्या गावांची अवस्था जगानं बघितली आहे. युगांडात तसं होईलच असं नाही. पण बुलिसातल्या माणसाला ती भीती वाटत असेल, तर ती कुणी बाहेरून शिकवलेली नाही.

आणि तो गुळगुळीत रस्ता?

काही वर्षांपूर्वीपर्यंत मर्चिसनला जाणं म्हणजे लाल मातीचा कच्चा रस्ता आणि पाराला नदी ओलांडण्यासाठी फेरीबोट. फेरीच्या वेळा ठरलेल्या. ती चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं. संपूर्ण सहलीचं वेळापत्रक त्या एका बोटीवर चालायचं. २०२० मध्ये लेक व्हिक्टोरियाची पातळी विक्रमी वाढली, तेव्हा तर फेरीचा धक्काच पाण्याखाली गेला होता.

आज मसिंदीहून पार्कमधून पारापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि नाईलवर पक्का पूल आहे. कंपालाहून पाच-सहा तासांत पर्यटक थेट पार्कमध्ये पोहोचतो. पण हे सगळं झालं ते युगांडा सरकारच्या तेलासाठीच्या रस्ते योजनेतून. जड यंत्रं आणि ट्रक विहिरींपर्यंत पोहोचावेत म्हणून.

यात पर्यटकाचा दोष काहीच नाही. पण 'तेल वेगळं आणि माझी सफारी वेगळी' असं म्हणण्याची सोय या रस्त्यानं ठेवलेली नाही. रस्ता चांगला झाला की पर्यटक वाढतात. आणि त्याच रस्त्यावर गाड्या वेगानं धावू लागल्या की प्राण्यांच्या अपघातांची भीतीही वाढते.

तेल कमी होतं म्हणून धरणही?

तेल जमिनीखालचं आहे. पण ज्या धबधब्यामुळे पार्कला नाव मिळालं, त्याच्यावरही एकदा गदा आली होती.

जून २०१९ मध्ये युगांडातल्या वर्तमानपत्रांत एक सरकारी नोटीस आली. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीला या धबधब्याजवळ जलविद्युत प्रकल्प उभारायचा होता. टूर ऑपरेटर, गाइड, पर्यावरणवाले, सामान्य लोक सगळे एकत्र आले. सोशल मीडियावर मोहीम उभी राहिली. ऑगस्टमध्ये सरकारनं प्रस्ताव नाकारल्याचं जाहीर केलं. लोकांनी आनंद साजरा केला. आणि काही महिन्यांतच त्याच सरकारनं व्यवहार्यता अभ्यासाला परवानगी देऊन टाकली.

धरण झालं नाही. दरम्यान पार्कच्या वरच्या बाजूला करुमा इथं ६०० मेगावॉटचा मोठा जलविद्युत प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये औपचारिकपणे सुरूही झाला. तरीही २०१९ च्या त्या घटनेतून एक गोष्ट दिसली. धबधबा वाचवायला जे सगळ्यात आधी उभे राहिले, त्यात ज्यांचं पोट पर्यटकांवर चालतं ते लोक होते. युगांडाला पर्यटनातून वर्षाला एक अब्ज डॉलर्सहून जास्त परकीय चलन मिळतं. 'हा धबधबा पाडला तर इतका धंदा बुडेल', असं सांगता येत होतं, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं.

मग जावं की जाऊ नये?

सोशल मीडियावर याचं उत्तर दोन टोकांना मिळतं. एक, 'बहिष्कार टाका'. दुसरं, 'आपल्याला काय करायचंय, फोटो काढा आणि या'. दोन्ही उत्तरं सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी.

एक साधा हिशेब बघा. परदेशी पर्यटकाला पार्कमध्ये २४ तासांसाठी साधारण ४५ डॉलर प्रवेश शुल्क पडतं. युगांडाच्या कायद्यानुसार प्रवेश शुल्कातला २० टक्के वाटा आजूबाजूच्या गावांसाठी द्यायचा असतो. म्हणजे ४५ मधले ९ डॉलर. हे पैसे गावात उशिरा पोहोचतात, अशी तक्रार असतेच. उरलेल्या पैशातून रेंजरचे पगार आणि गस्त चालते.

या गस्तीचं महत्त्व मर्चिसनमध्ये फार आहे. कारण इथल्या प्राण्यांचा सगळ्यात जुना शत्रू तेल नाही, तारेचा फास आहे. आसपासच्या गरीब गावांतून मांसासाठी फास लावले जातात. लावलेला असतो हरणासाठी, अडकतो सिंह किंवा जिराफ. रेंजरनी वर्षानुवर्षं गोळा केलेले फास आणि लोखंडी सापळे टनांमध्ये मोजावे लागतात.

आता पर्यटक यायचेच बंद झाले, तर काय होईल? विहिरी बंद होणार नाहीत. त्यांचा पैसा पॅरिस आणि बीजिंगहून येतो. बंद होईल ती गस्त. गाइड, बोट चालवणारा, लॉजमध्ये भाजी पुरवणारी बाई यांचं उत्पन्न थांबेल. आणि पुढच्या वेळी धरणाची नोटीस निघाली, तर 'यानं आमचं नुकसान होईल' असं म्हणणारं कुणी उरणार नाही. टिलेंगातलं तेल साधारण वीस-पंचवीस वर्षांचं आहे. त्यानंतरही हा पार्क कमाई करत राहायला हवा असेल, तर मधल्या काळात त्याला कमावतं ठेवावं लागेल.

म्हणून प्रश्न जाण्या-न जाण्याचा कमी आणि तिथं जाऊन पैसे कुठे खर्च करायचे, काय बघायचं आणि परत येऊन काय सांगायचं, याचा जास्त आहे.

जायचं ठरलंच तर

पिवळ्या तापाची लस आणि तिचं प्रमाणपत्र लागतंच. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. हे प्रमाणपत्र भारतात परतताना नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. व्हिसा ऑनलाइन काढता येतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जून ते सप्टेंबर हे तुलनेनं कोरडे महिने, प्राणी बघायला सोपे. दक्षिणेच्या झाडीत त्से-त्से माश्या असतात आणि त्यांना गडद निळा व काळा रंग आकर्षित करतो. म्हणजे सफारीला जीन्स नको. खाकी बरी.

बुकिंग करताना टूर ऑपरेटरला तीन गोष्टी विचारा. गाइड स्थानिक आहे का? लॉजमध्ये काम करणारे लोक आसपासच्या गावातले आहेत का? आणि पार्कचं शुल्क पॅकेजमध्ये वेगळं दाखवलंय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर बाकीच्या उत्तरांवरही फार भरवसा ठेवू नका.

पार्कमध्ये गाडीचा वेग कमी ठेवायला सांगा. रस्ता डांबरी आहे म्हणून तो महामार्ग होत नाही. सिंह दिसला म्हणून ड्रायव्हरला गवतात गाडी घालायला लावू नका, त्यासाठी दंड होतो. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. आणि एक पूर्ण दिवस तरी नदीच्या दक्षिणेला द्या. बहुतेक पर्यटक उत्तरेला धावतात. चिंपांझी दक्षिणेला आहेत आणि फेरीबोटीतून गेलेले ते जिराफही.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

एक, पहिल्या तेलाची तारीख. ती सतत पुढं जातेय, पण तेल एकदा वाहायला लागलं की खोदकामाचा टप्पा मागे पडेल आणि गळती, सांडपाणी, वायू जाळणं असे रोजच्या उत्पादनाचे प्रश्न सुरू होतील.

दोन, पाइपलाइनचा पैसा. अनेक मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकांनी या पाइपलाइनपासून अंतर ठेवलं. मार्च २०२५ मध्ये काही आफ्रिकी बँका पुढं आल्या आणि कर्जाचा पहिला हप्ता जाहीर झाला.

तीन, फ्रान्समधला खटला. बुलिसातल्या माणसाला पॅरिसमध्ये न्याय मागता येतो का, याचं उत्तर त्यातून मिळेल आणि ते युगांडाबाहेरही वापरलं जाईल.

आणि चार, हत्ती. कंपनी म्हणते तसा परिणाम एक टक्क्यापुरता राहतो, की संघटना म्हणतात तसे कळप गावांकडे सरकतात, हे पुढच्या काही वर्षांच्या गणनेत दिसेलच. तोवर पारावरून निघणाऱ्या बोटीत बसलात, तर धबधब्याचा व्हिडिओ काढाच. फक्त पोस्ट करताना कॅप्शनमध्ये तेलाबद्दल एक ओळ टाका. २०१९ मध्ये हा धबधबा वाचवण्याची मोहीम अशाच पोस्टमधून वाढली होती.